बर्फीच्या डोळ्यांखालच्या रेघा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती हे सगळं घडायच्या आधीच गेली. मुलीला सांगायला हवं — आणि तिलाच तर सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी पांढुर्ण्याचा. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी केली, आता रिटायर. मुलगी एकच, सुजाता. तिचं नर्सिंग झालं आणि हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. स्टेशनवर तिला सोडताना मी हसत होतो. घरी आलो तर दोन खोल्या, आणि तिची कुत्री बर्फी. पांढरीशुभ्र, झुपकेदार, मांजरीएवढी.

त्यानंतरचे दिवस कसे सांगू? दोन वाट्या तांदूळ घ्यायचो, मग लक्षात यायचं, एक वाटी परत डब्यात टाकायचो. फोनवर ती विचारायची, "जेवले काय बाबा?" मी म्हणायचो, "हो, जेवलो. तू मजेत राहाय." याच्यापुढे मला येतच नव्हतं. तुझ्याविना करमत नाही — एवढंच तर वाक्य. पण ते तोंडातून निघेना.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं बर्फीला पाहिलं. दोन्ही डोळ्यांपासून नाकापर्यंत तांबूस, गंजासारख्या रेघा उमटल्या होत्या.

"बाबा, हे काय झालं तिले?"

"रडून राहिली ते. तुही आठवण येते तिले."

खरं सांगतो, ते मी गमतीनं म्हटलं. पण पलीकडे सुजाताला ते खरंच वाटलं. तिचे डोळे भरले. आणि पुढच्या शनिवारी ती दोन दिवसांसाठी घरी आली.

ते दोन दिवस! तिनं झुणका केला, माझ्या शर्टाची बटणं लावली, बर्फीशी बोलता बोलता घरभर फिरली. भांड्यांचा आवाजसुद्धा गोड वाटत होता. ती परत गेली, आणि तिला बोलावून घ्यायची वाट मला सापडली होती.

त्याच आठवड्यात मी बर्फीला थैलीत बसवून बसनं सौंसरला नेलं, जनावरांच्या डॉक्टरकडे. — हे सांगायचं टाळत होतो मी. कारण इथून पुढे मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. डॉक्टरांनी डोळे नीट तपासले. म्हणाले, "काका, घाबरू नका. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायचं ते बाहेर वाहून राहिलं, त्यानं केस लाल पडतात. पांढऱ्या कुत्र्यात दिसून येते, एवढंच. पाणी उकळून कोमट करा, कापसानं रोज दोनदा पुसा अन् कोरडं करा. ओलं राहिलं तर कातडी खराब होईन."

"म्हणजे रडत नाही ते?"

ते हसले. "कुत्रे आठवणीनं असे रडत नाहीत, काका."

सुजाताला मी सांगितलं, डॉक्टरला काही समजलं नाही.

मोहल्ल्यात मात्र सगळ्यांना समजत होतं. शेजारच्या शोभाबाईंनी धन्याचं पाणी सांगितलं. कोणी ताक पाजायला सांगितलं, कोणी बिटाचा रस. एकानं कुठूनशी डाग घालवायची पावडर आणून दिली. बिचारे जीव लावून सांगायचे, त्यांचा विश्वास होता. माझा कशावरच नव्हता. तरी दर रविवारी फोनसमोर मी एकेक उपाय करून दाखवायचो. आणि जे एकच काम करायचं होतं — पुसायचं — ते करत नव्हतो. कापूस कपाटात होता. पातेलं, चूल, पाणी, सगळं होतं. रेघा जितक्या गडद, तितकी ती लवकर घरी यायची.

मग येणं कमी झालं. सुट्टी मिळत नाही म्हणाली. तेव्हा मी सावरगावच्या एका माणसाकडून काळा दोरा आणला.

याचा अर्थ तुम्हाला कसा सांगू? आम्ही बौद्ध. जन्मभर मी विहारात उभा राहून गंड्यादोऱ्यांविरुद्ध बोललो. सुजाता लहान असताना तिच्या आजीनं तिच्या गळ्यात ताईत बांधला, तो मी कात्रीनं कापला होता, आणि त्यापायी आई माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. त्याच हातांनी मी बर्फीच्या गळ्यात दोरा बांधला आणि फोन तिच्यासमोर धरला.

"बाबा... तुम्ही दोरा बांधला?"

एवढंच म्हणाली. नर्स होती ती. धन्याच्या पाण्यावर तिचा विश्वास नव्हताच. पण आपल्या बापानं दोरा बांधला, म्हणजे इकडे किती हाल असतील — हेच आलं असणार ना तिच्या मनात? ते येणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बांधला.

तिनं नोकरी सोडली. आयसीयूच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती, हे मला पुष्कळ नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तिनं स्वतः कधी तो विषय काढला नाही.

आली त्या दिवशी तिनं बर्फीला मांडीवर घेतलं, डोळ्याखालचे केस बाजूला केले, आणि तिचा हात थांबला. आतली कातडी सोलवटलेली, चिकट. वास येत होता. बर्फी कण्हली, पण चावली नाही, उलट तिचाच हात चाटत राहिली. सुजाता रडायला लागली. "माह्यामुळं झालं हे, बाबा. मी गेली म्हणून."

मी बाजूला उभा होतो. म्हणालो, "जाऊ दे. आता आली ना तू."

हे बोललो मी. हेच.

ती रोज दोनदा डोळे पुसायची, हलक्या हातानं. जखम भरली. महिन्या-दीड महिन्यात नवे केस पांढरे आले. शोभाबाई म्हणाल्या, धन्याच्या पाण्याचा गुण. दोरेवाला म्हणाला, दोऱ्याचा. सुजाता म्हणाली, "पाहा, मी आली अन् तिचं रडणं थांबलं." मी सगळ्यांना हो म्हटलं.

बर्फी मागच्या वर्षी म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत ती मला बिलगून झोपायची. सुजाता इथल्याच एका लहान दवाखान्यात जाते. सलाईन लावते, ड्रेसिंग करते. तिथं आयसीयू नाही.

गेल्या महिन्यात तिच्या त्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडे जागा निघाली आहे, परत ये, असं म्हणत असावी. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतून सुजाताचा आवाज ऐकू आला, "नाही ग, नाही जमणार. बाबाले करमत नाही माह्याविना. ते सांगत नाहीत, पण मले समजते ना."

तेव्हा उठून आत जाता आलं असतं. सगळं सांगून, जा म्हणता आलं असतं. मी पेपरचं पान उलटलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, चहा मांडू काय म्हणाली, आणि मी हो म्हटलं.