हाकेला न वळणारं पोर

पाळणाघरवाल्या बाईला सगळे मावशी म्हणायचे खरे, पण ही मावशी तोंडाने अशी फटकळ, की नव्या आया पहिले काही दिवस तिला वचकूनच असायच्या. मासळी डब्यांत भरायच्या कारखान्यामागे, एका बोळात, तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत चटया, मागच्या खोलीत झोळ्या, आणि मधल्या दाराला गुडघाभर उंचीची आडवी फळी, रांगती पोरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून. कारखान्यात कुठकुठल्या मुलखांतून माणसं कामाला आलेली, त्यांची पोरं दिवसभर हिच्या अंगावर.

आणि काय एकेक नावं त्या पोरांची! पहिल्यांदा ऐकली तेव्हा मावशीने कपाळावर हात मारून घेतला होता. एका मुलीचं नाव म्हणजे पाऊस थांबल्यावरचं ऊन, असं तिचा बाप सांगायचा. आई म्हणायची, छे, तो कुठलासा पक्षी आहे. मुलीची आजी एकदा आली, तिने दोघांनाही वेड्यात काढलं, पण खरा अर्थ तिलाही सांगता येईना. दुसऱ्या एका बापाने मुलाचं नाव जहाजाच्या अंगावर वाचलं होतं. दिसायला बरं दिसलं, ठेवलं. मावशीने त्याला तोंडावर विचारलं, पोराचं नाव ठेवलंयस की पोराला नावं ठेवलीयस? त्याला काही कळलं नाही, तो आपला हसला.

मावशीची जीभ असल्या नावांना वळायची नाही. शिवाय एक पोर फळीवर चढतंय, दुसरं चप्पल चघळतंय, अशा वेळी नाव आठवत कोण बसणार? मग तिने सरळ आपली नावं पाडली. उन्हाची किंवा पक्ष्याची जी कोण होती ती झाली खारूताई, जहाजवाला झाला ढब्बू. आणि डबे भरणाऱ्या एका बाईचा गोल गरगरीत, दीड वर्षांचा मुलगा झाला बटाट्या. त्याचं खरं नाव भलतंच लांब, आणि मध्येच घशाच्या तळातून काढायचा एक आवाज. मावशीने एकदा म्हणून पाहिलं तर तिला ठसकाच लागला. ते नाव त्याच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, ठेवलेलं. आजीची बोली लेकीला येत नव्हती. अर्थ सांगते सावकाश, म्हणाली आणि सांगायच्या आधीच गेली. पहिल्या दिवशी त्या बाईने हे सगळं मावशीला सांगितलं होतं. मावशी तेव्हा कोणाचं तरी दुपटं बदलत होती. ती हो हो म्हणाली आणि विसरून गेली.

एका संध्याकाळी ही डबेवाली नेहमीपेक्षा लवकर आली. अंगावर कारखान्याचा ओला एप्रन तसाच, आणि चेहरा पांढराफटक. मावशीला वाटलं, नवऱ्याची काही बातमी आली. तो मोठ्या बोटीवर, सहा सहा महिने पाण्यावर असायचा.

"मावशी, पोराला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

सकाळी ती त्याला लस टोचायला घेऊन गेली होती. तिथल्या नर्सने मागून नावाने हाक मारली, पोरगं ढिम्म. आईला हाक मारायला लावली, तरी ढिम्म. नर्सने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली आणि सांगितलं, उशीर करू नका, ऐकू आलं नाही तर बोलणारही नाही.

मावशी आधी उडालीच, मग चिडली. कसला बहिरा? मागच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तर हा सगळ्यांच्या आधी फळीला लटकलेला असतो. पण आई ऐकेना. तुम्हीच बघा, म्हणाली आणि खाली बसली. बटाट्या पाठमोरा, पातेल्यात चमचे टाकण्यात गुंग. आईने त्याला नावाने हाक मारली. तो हलला नाही. तिने पुन्हा मारली, मग आवाज चढवून मारली. पोराने आणखी एक चमचा पातेल्यात टाकला.

मावशीला वाटलं, अरे देवा, खरंच की काय? आणि मग तिच्या ध्यानात आलं. हे नाव या घरात कधी कोणी घेतलंच नव्हतं. सकाळपासून रात्रीपर्यंत पोर इथे, आणि ते नाव त्याच्या कानावरच पडलं नव्हतं. कसंबसं तिने ते आईला सांगितलं. मग म्हणाली, "पण घरी? घरी तू हाक मारत असशीलच की गं."

आईने एप्रनला हात पुसले.

"सातही दिवस पाळी. सकाळी आणते तेव्हा तो झोपेत असतो. रात्री नेते तेव्हाही. मी रोज हाक मारते, मावशी. झोपेतच."

मग तिने विचारलं, तुम्ही काय म्हणता त्याला? मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खाली बघत सांगितलं. आईने ते नाव हळूच, एकेक अक्षर चाचपत, म्हटलं. "बटाट्या." पोराने गर्रकन मान वळवली. आईवरून त्याची नजर फिरली आणि मावशीवर जाऊन थांबली.

"नर्स म्हणाली तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं," आई म्हणाली.

मावशीने त्यावर रडून घेतलं नाही, माफीही मागितली नाही. तिला ते जमायचंच नाही. तिने त्या बाईला समोर बसवून ते नाव तिच्याकडून घोटून घेतलं. ठसका लागला तरी सोडलं नाही. इस्पितळात मात्र जाऊन ये, म्हणाली, खात्री होऊ दे. तिथे कान उत्तम निघाले. आणि सगळी पोरं न्हाऊ-खाऊ घालून, झोपवून आयांच्या खांद्यावर द्यायची हा जिचा तोरा, ती मावशी त्यानंतर रोज रात्री या एकाला जागं ठेवायला लागली. तो डोळे चोळायचा, किरकिरायचा, तिला बोचकारायचा, पण आई येईपर्यंत ती त्याला डोळा लागू देत नसे. आई दारातून हाक मारायची. तो कधी बघायचाच नाही. कितीतरी रात्री नुसत्या अशाच गेल्या, आणि मावशी आतून पार हबकली होती, आपण हे कायमचंच मोडलं की काय म्हणून.

मग एका रात्री तो मावशीच्या मांडीवर अर्धवट पेंगलेला होता. दारात आईचा आवाज आला. तेच लांबलचक नाव. पोराने डोकं उचललं आणि दाराकडे पाहिलं.

आई उंबऱ्यातच थिजली.

"उभी काय राहिलीस?" मावशी म्हणाली. "परत हाक मार. ऐकू येतंय त्याला."