हातांवर बसणारा माणूस

भय आणि भ्याडपणा ही एकाच घरातली भावंडे आहेत, असा आपला समज असतो. जपून पाऊल टाकणाऱ्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्या जपण्यात काही तेज असते, हे उमगायला केस पांढरे व्हावे लागतात. अवधान हा गुण निर्भय माणसाला क्वचितच लाभतो. ज्याने भयाला ओळखले, शेजारी बसवून घेतले आणि तरीही त्याच्या हाती कारभार दिला नाही, त्याच्याच वाट्याला तो येतो.

कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात सबूरकाका बॉयलर सांभाळत. त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरतेच उरले होते. तरुणपणी एकदा दाबाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकताना पाहून ते घाबरले आणि हाताला आधी लागले ते चाक त्यांनी फिरवले. सुटलेल्या वाफेने जोडीदाराची पाठ भाजली. जोडीदार वाचला, काकांचा उजवा हात मात्र तेव्हापासून भीती वाटली की कापू लागला. त्यांनी स्वतःपुरता एक नेम घालून घेतला. काटा चढू लागला की बाकावर बसायचे, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबायचे आणि सगळे काही डोळ्यांनी पाहून झाल्यावाचून हात सोडवायचे नाहीत. पुढची बावीस वर्षे बॉयलरने कुणाच्या अंगाला चटका दिला नाही.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांना बुद्धिबळाचा भारी नाद. जेवणाच्या सुट्टीत ते एकेकाला पटासमोर बसवीत, तिसऱ्या खेळीलाच वजीर बाहेर काढीत आणि पटाऐवजी समोरच्याचा चेहरा न्याहाळीत. गांगरणारा माणूस यंत्रापाशी नको, असे त्यांचे तत्त्व होते. एक फोरमन आणि एक वायरमन पटावरून उठले ते थेट गोदामात गाठोडी उचलायला गेले. आता काकांना बोलावणे आले होते. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते, कंबर ओझ्याला राजी नव्हती आणि बॉयलरवाचून दुसरे काही त्यांना येत नव्हते.

त्या सकाळी बायकोने चहाचा कप अर्धाच भरून दिला. पूर्ण भरलेला सांडतो, हे त्या दोघांनाच ठाऊक होते.

"अहो, वजीर काय गिळणार आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "माझ्या आईसमोर बसला होतात, त्याहून का अवघड आहे?"

काका हसले, पण बशीतला कप वाजायचा थांबला नाही.

दुपारी पटावर पांढरी मोहरी काकांकडे आली. मधली प्यादी जागेवर ठेवून ते कडेकडेने डाव मांडत. धगीपासून हातभर दूर राहावे, हा धंद्याचा धडा त्यांनी पटावरही आणला होता. एका कडेचे प्यादे दोन घरे सरकले, दुसऱ्या कडेजवळचे एक घर, आणि त्याच्या मागे उंट दबा धरून बसला.

"डाव मांडताय की कुंपण घालताय?" व्यवस्थापकांनी विचारले. भोवतीचे लोक हसले. व्यवस्थापकांचा उंट आधीच मधोमध येऊन रोखलेला होता. आता त्यांनी वजीर काढून समोर आणला.

 वजीर आणि उंट या दोघांची नजर एकाच प्याद्यावर होती, राजाच्या तिरक्या बाजूला उभ्या असलेल्या, राजावाचून राखणदार नसलेल्या प्याद्यावर. पुढच्या खेळीला वजिराने ते घेतले की मात. तेच प्यादे पुढे ढकलावे म्हणून काकांचा हात धावला. एका बोटाच्या अंतरावर तो थबकला. शिवलेले मोहरे हलवावेच लागते, आणि ते प्यादे हलले असते तर राजाचे दार सताड उघडे पडले असते. त्यांच्या नाकात बावीस वर्षांपूर्वीची वाफ शिरली.

त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले.

"हात कुठे गेले?" व्यवस्थापक म्हणाले.

"जागेवर आहेत, साहेब. आधी डोळ्यांचं काम आहे."

 काका पाहत राहिले. वजीर कशावर टपला आहे, कुणाला मागे ठेवून एकटाच आला आहे, आणि त्याच्या अंगावर आपले कोण जाऊ शकेल. मग उजवा हात बाहेर आला, सर्वांदेखत थरथरत, आणि राजापुढचे प्यादे एकच घर पुढे गेले. उंटाची वाट बंद झाली. व्यवस्थापकांनी एक घोडा काढला, काकांनीही काढला. व्यवस्थापकांचे लक्ष त्या थरथरत्या बोटांवर होते. पाहता पाहता त्यांनी दुसरा घोडाही सहज पुढे केला.

हात पुन्हा मांड्यांखाली गेले. ते बाहेर आले तेव्हा काकांचा घोडा पटाच्या मध्यावर जाऊन बसला. कोपऱ्यातला उंट त्याची पाठ राखत होता, आणि एकाच उडीच्या टप्प्यात वजीरही होता, उंटही. वजीर पळाला, उंट गेला.

"हात कापतोय तुमचा," व्यवस्थापक हळूच म्हणाले.

भीती होती ती हीच. काकांनी हात लपवला नाही.

"कापतो, साहेब. म्हणून त्याला सगळ्यात शेवटी बोलावतो."

भोंगा झाला. डाव अर्धाच राहिला. गोदामाचा कागद आज येईल, उद्या येईल, या धास्तीने काकांनी पुढचे पंधरा दिवस डबा पुरता खाल्ला नाही. कागद आला नाही. व्यवस्थापक मात्र एकदा बॉयलरपाशी आले, बाकाकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले आणि परतले.

काका दीड वर्षाने निवृत्त झाले आणि त्यानंतर चार वर्षांनी गेले. बाक अजून तिथेच आहे. त्याची फळी दोन ठिकाणी गुळगुळीत झाली आहे, आणि काटा चढू लागला की नवा बॉयलरवाला तिथेच हात दाबून बसतो.