जयाला कुणी बहिरी म्हणू नये म्हणून

वाशीला तेव्हा माणसं कमी आणि वारा फार. सिडकोच्या नव्या कोऱ्या इमारती, मधे नुसतं रान, आणि भाजीसाठी शिरवण्याहून टोपली घेऊन येणाऱ्या गंगूची वाट बघायची. अशा ठिकाणी परुळेकरांनी गिरगावातली खोली सोडून बिऱ्हाड आणलं. लोकांना सांगितलं, हवा चांगली आहे. खरं कारण त्यांची धाकटी मुलगी जयमाला. गिरगावात अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं की परुळेकरांची जया बहिरी आहे. इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जया चार वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो कान घेऊनच. थोरली सुचित्रा तेव्हा शाळेत जायला लागली होती. आई देवापुढे सोळा सोमवार, मग गुरुवार, मग संकष्ट्या करत राहिली, सुचित्रा मात्र आरसा घेऊन बहिणीपुढे बसायची आणि म्हणायची, "बघ माझ्या तोंडाकडे. म्हण, पाणी." जयाला जेवढे शब्द आधी येत होते तेवढे तिने असे धरून ठेवले, आणि त्यांना धरून पुढचे आणले. मोठी होऊन सुचित्रा एम.एस्सी.ला गेली तीही त्याच विषयात. कानाची तपासणी आणि कर्णबधिर मुलांचं शिक्षण. खाडीच्या पुलावरून बस धरून रोज मुंबईत जायची आणि जे शिकली ते संध्याकाळी घरी येऊन जयावर करायची. घशाला हात लाव, नाकाला हात लाव. ओठांनी होणारी अक्षरं दिसतात म्हणून सोपी. श आणि स नुसत्या वाऱ्याचे, ते दिसत नाहीत आणि बहिऱ्या कानाला तर मुळीच लागत नाहीत. त्यासाठी जया हाताची मागची बाजू तोंडापुढे धरून वारा लागतो का ते बघायची. तिच्या छातीवर ऐकण्याच्या यंत्राची डबी असे, कानापर्यंत वायर. आईने ब्लाउजला आतून खिसा शिवला होता, वेणीखालून वायर. नवी ताठ साडी नेसली की कापडाची खरखर त्या डबीत शिरायची आणि जया कपाळाला आठ्या घालायची.

जया वीस वर्षांची झाली आणि पनवेलचं स्थळ आलं. खांदेश्वराच्या देवळाजवळ घर, मुलगा श्यामसुंदर तळोज्याला कारखान्यात, वर फक्त आई, मालतीबाई.

"बाबा, त्यांना आधी सांगा," सुचित्रा म्हणाली.

नंदकुमार परुळेकरांनी पेपर खाली ठेवला. "काय सांगू?"

"तिला ऐकू येत नाही, हे."

"अगं, ते सांगितल्यावर कोण येतं माहितेय तुला? बिजवर येतो, नाहीतर दारूडा येतो. तुझ्या चुलतआत्याला असाच नवरा मिळाला, विसरलीस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू एवढी शिकतेस. तुझ्या शिकण्याचा घराला काही उपयोग नको का? समोर बसलेल्या माणसाला कळता कामा नये, एवढं कर. हीच तुझी परीक्षा समज."

आई निरांजनातली वात पुढे सारत राहिली. सुचित्रा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या फिरवल्या. पाहुण्यांची तोंडं खिडकीकडे, म्हणजे उजेड त्यांच्या ओठांवर पडेल. जयाची पाठ खिडकीकडे. पाहुणे विचारून विचारून काय विचारणार? नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. ते सगळं घोटून घेतलं. आपल्याला हे करायला नको, असं तिला वाटत होतं हे खरं. पण आपल्याला हे जमतं का, हे बघायचीही तिला हौस होती, आणि ती हौस जास्त खरी होती.

पाहुणे आले. यंत्र कपाटात गेलं. जयाने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. "गाणं?" म्हटल्यावर आई घाईघाईने म्हणाली, "टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालंय तिचं." सगळं सुरळीत चाललं आणि मग श्यामसुंदरचे मामा बाजीराव बोलायला लागले. त्यांच्या मिशा वरच्या ओठावर उतरलेल्या आणि गालात पान.

"काय गं पोरी, आमच्या पनवेलचे डास सोसतील ना तुला?"

जयाला नुसत्या हलणाऱ्या मिशा दिसल्या. तिने मान खाली घातली आणि हसली.

"लाजली, लाजली!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "मालू, हल्ली अशा मुली मिळतात कुठे? नाहीतर आजकालच्या, एका प्रश्नाला दहा उत्तरं."

खोलीभर हसू झालं. "आणि ही मोठी काय करते?" मालतीबाईंनी विचारलं.

"एम.एस्सी.," नंदकुमार म्हणाले.

"कशात?"

"सायन्समध्ये."

पोह्यांचा ट्रे घेऊन सुचित्रा दारात उभी होती. बहिणीने मान खाली घातली ती कशासाठी, हे तिथे तिला एकटीलाच कळलं होतं. तरी तिला त्या क्षणी आनंद झाला. देवाशपथ, आनंदच झाला.

लग्न ठरलं. उखाण्यासाठी मात्र रडायची वेळ आली, कारण नवऱ्याच्या नावातच श आणि स. सुचित्राने तो ओठांच्या अक्षरांनी भरला, म्हणजे निदान सुरुवात तरी साधेल. पाटावर पान, पानात भात, श्यामसुंदररावांच्या हातात माझा हात. महिनाभर घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. लग्नात अंतरपाटाआड सुचित्रा जयाच्या मागे उभी राहिली आणि शेवटचं 'सावधान' झालं तसा तिने पाठीवर अंगठा दाबला. जयाने बरोबर वेळेला हार घातला. उखाणाही घेतला. बायका म्हणाल्या, आवाज जरा घोगरा आहे पण गोड आहे.

त्या वर्षी सुचित्रा विद्यापीठात पहिली आली. तिने प्रबंध लिहिला होता तो जयावरच, नाव न घालता. परीक्षकांनी लिहिलं की या मुलीचं बोलणं ऐकून बहिरेपण ओळखता येत नाही. सोसायटीच्या गणपतीत तिचा सत्कार ठरला. सेक्रेटरींनी फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं, 'कर्णबधिर मुलांच्या शिक्षणात विद्यापीठात प्रथम'. संध्याकाळी पनवेलची मंडळी दर्शनाला येणार होती. नंदकुमार खाली गेले, सेक्रेटरींना कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलले आणि स्वतः ओल्या फडक्याने अर्धा फळा पुसून आले. स्टेजवर शाल आणि नारळ मिळाला तो 'एम.एस्सी.त प्रथम' आलेल्या मुलीला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जया पहिल्या रांगेत सासूशेजारी बसली होती, तिने इतरांचे हात बघून आपले हात वाजवले. तिच्या वेणीखाली वायर नव्हती.

यंत्र तिच्या सामानातून गेलं होतं, पण ते ट्रंकेच्या तळाशीच राहिलं. पुढच्या संक्रांतीला सुचित्रा हळदीकुंकवाला पनवेलला गेली, तेव्हा शेजारणींच्या गप्पा तिच्या कानावर आल्या.

"मालतीबाईंची सून भारी माजोरडी हो. मागून हाक मारा, ढिम्म."

"वाशीची ना ती. फ्लॅटमधली."

सुचित्रा तशीच स्वयंपाकघरात गेली. मालतीबाई तिळाचे लाडू ताटात रचत होत्या.

"आई, एक सांगायचं होतं. जयाला—"

"ऐकू येत नाही," मालतीबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं. दूध उतू गेलं हिच्या पाठीमागे, सूं सूं करत. ही तांदूळ निवडतेय. वास आला तेव्हा वळली."

सुचित्रा पुढे सरकली. "मग तुम्ही तिला यंत्र का घालू देत नाही?"

"यंत्र घातलं की ती बहिरी. मग चारचौघी म्हणणार, अरेरे, मालतीबाईंना फसवलं. मुलगाही म्हणाला, आई, लोकांना कळायला नको. आता ती माजोरडी आहे. माजोरडी सून घरोघर असते. तिला दोन शब्द बोलले तर सगळ्या माझ्याच बाजूच्या. बहिरीला बोलले तर मी वाईट." त्यांनी लाडूवर लाडू ठेवला. "आणि तुम्ही आम्हाला फसवलंत. भांडायला तोंड आहे का तुम्हाला? असेल तर आजच न्या तिला."

सुचित्राने मागच्या अंगणात जयाला गाठलं. दोघी बहिणी आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या, लहानपणापासून.

"चल घरी."

"घरी जाऊन काय होईल?" जयाचे ओठ म्हणाले. "परत आलेली बहिरी. त्यापेक्षा माजोरडी बरी. कुणी कीव तरी करत नाही." आणि मग हसून, "तूच शिकवलंस ना, कुणाला कळता कामा नये."

सुचित्रा एकटीच परतली. पुढे ती मुंबईत बहिऱ्या मुलांच्या शाळेत लागली. तिच्या वर्गात यंत्राची डबी फ्रॉकच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. आया रागवायच्या, "बाई, आत घालू द्या ना, लोक बघतात." ती म्हणायची, "बघू देत." तिचं स्वतःचं लग्न झालं नाही, पोरी तिला घाबरायच्या. गुरुवारी मठात जाऊन बसायची, पण नमस्कार करताना काही मागायची नाही.

जयाला मुलगी झाली, छकुली. ती पाच वर्षांची झाली त्या संक्रांतीला मालतीबाईंच्या घरी बायका जमल्या होत्या आणि सुचित्राही गेली होती. खोली भरलेली, अत्तराचा वास, जया पाठमोरी बसून कुणाची तरी ओटी भरत होती. एका बाईने जयाला मागून हाक मारली. छकुली आईचा पदर ओढायला निघाली, वाटेत त्या बाईच्या मांडीला अडखळली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "अशी हाक मारायची नाही. आई माजोरडी आहे. तिला ओढायला लागतं."

बायका खदखदून हसल्या. "बघा, पोरीलासुद्धा कळलं!" मालतीबाईही हसल्या.

सुचित्रा उठली. छकुलीपुढे गुडघ्यांवर बसली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, एकेक शब्द स्पष्ट, वर्गात बोलते तसा.

"तुझी आई माजोरडी नाही. तुझ्या आईला ऐकू येत नाही. ती बहिरी आहे. लहानपणापासून. आजीला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, मला माहीत आहे."

हसणं बंद झालं. कुणीतरी हातातली बोरं खाली ठेवली. सगळ्या एकदम गप्प का झाल्या, हे बघायला जया वळली, आणि सुचित्राच्या ओठांवरचे शेवटचे शब्द तिने वाचले. आधीचे तिला लोकांच्या चेहऱ्यांवर दिसले.

"न्या मग आता," मालतीबाई म्हणाल्या. "झालं ना समाधान?"

जया उभी राहिली. तिने छकुलीला कडेवर घेतलं. सुचित्रा ओठांनीच म्हणाली, जया, ऐक. जया तिच्याकडे बघत होती, आणि मग बघेनाशी झाली. डोळे मिटून तिने तोंड भिंतीकडे केलं. तिच्याशी बोलायचा दुसरा रस्ताच नव्हता.

"जया," सुचित्राने हाक मारली. तिला माहीत होतं, तरी मारली. मग पुन्हा मोठ्याने. खोलीतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. छकुलीनेही आईच्या खांद्यावरून पाहिलं.

सुचित्राने चपला घातल्या. पनवेलच्या त्या घरात तिला परत कुणी बोलावलं नाही, आणि जयानेही नाही.