तीन रेघा म्हणजे सुट्टी

आमचे हे ट्रक चालवतात. आयुष्यभर तेच केलं आणि आयुष्यभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, की आपण गाडीशी बोलतो. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तिला काय हवंय ते ह्यांना कळतं म्हणे. घरात मी समोर बसून तीनतीनदा सांगितलेलं कळत नाही, ते सोडा.

म्हणून नव्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे आकडे दाखवणारा एक पडदा निघाला तेव्हा ह्यांना तो अजिबात आवडला नाही. दोघांच्या संसारात हा तिसरा कोण, असा चेहरा करून घरी आले.

पडदा असा. वर एक आकडा, खाली एक आकडा. फेरी सुरू झाल्यापासून एका लिटरला सरासरी किती किलोमीटर पडले, तो खालचा. आत्ता, या घडीला किती पडतायत, तो वरचा. पाय दाबला की वरचा घसरतो, पाय उचलला की उड्या मारतो. हे मला ह्यांनीच जेवताना ताटात दोन चमचे वरखाली ठेवून समजावलं. समजावणाऱ्याला स्वतःलाच अर्धं समजलं होतं, हे पुढे उघड झालं.

पहिल्याच चढावर वरचा आकडा दोनावर आला आणि रात्री फोनवर हे भडकले.

"दोन? मला दोन? आयुष्यात कुणी मला दोन मार्क दिले नव्हते!"

शाळेत ह्यांना किती मिळायचे ते सासूबाईंनी मला सांगून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर उतार लागला, ह्यांनी पाय उचलला आणि आकडा थेट नव्वदावर गेला. त्या संध्याकाळी स्वारी गाणं गुणगुणत घरी आली.

"नव्वद पडले," बूट काढायच्या आधीच सांगितलं.

"किती वेळ?"

"उतार संपेपर्यंत," म्हणाले, आणि जरा खट्टू झाले.

नुसती हौस असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मालकांनी अट घातली होती. नव्या गाड्या तीन आल्या होत्या, त्याही महिनाभराच्या बोलीवर. दोन ठेवायच्या, एक परत पाठवायची. तिघा ड्रायव्हरांत महिनाभराच्या फेऱ्या मिळून ज्याचा खालचा आकडा सगळ्यात कमी, त्याने जुनी गाडी घ्यायची. त्या जुन्या गाडीला डेपोत सगळे 'म्हातारी' म्हणतात. तिच्यावर ह्यांची बरीच वर्षं गेली आणि तिच्या सीटने ह्यांच्या कमरेचं पार मातेरं केलं. कूस बदलताना हे "काही नाही, काही नाही" असं पुटपुटतात तेव्हा मला कळतं की बरंच काही आहे. नव्या गाडीची सीट हवेवर वरखाली होते, खड्डा अंगापर्यंत पोचूच देत नाही. ती आल्यापासून माणूस सकाळी भिंत न धरता उठायला लागला होता. मला त्या पडद्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला ती सीट हवी होती.

आणि आमच्या घरावर अ‍ॅव्हरेजचं राज्य आलं. मी गॅस मोठा केला की मागून आवाज, "पाय हलका ठेव, आकडा पडतो." जिन्याने वर येताना मधल्या वळणावर थांबायचे आणि म्हणायचे, "चढावर घाई करायची नाही." कंबर धरून उभं राहायला ही नवीनच सबब मिळाली होती. गाडी हलकी हवी म्हणून केबिनमधली उशी घरी आणली, जादाची चप्पल आणली, एक दिवस तर डब्यातली डाळीची वाटी परत काढून ठेवली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वजन होतं."

मागे गाडीभर फरश्या, आणि अ‍ॅव्हरेज पडणार माझ्या वाटीभर डाळीने! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बैलवाला उपाशी राहायची वेळ आली. मी वाटी परत डब्यात कोंबली.

इतकं करून खालचा आकडा हलेना. इतर दोघांचा ह्यांच्यापेक्षा थोडा वरच. त्यातला एक जाड्या तर ब्रेक दाबतो की चूल फुंकतो कळत नाही असा, असं हेच म्हणतात. तोही पुढे. ह्यांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग रस्त्याला, मग पंपावरच्या डिझेलला. दोषी संपले तेव्हा माझ्याकडे वळले, म्हणाले, तू सकाळी निघताना कटकट करतेस, त्याने पाय जड होतो.

"आणि उभी असताना किती पडतात?" मी आपलं विषय बदलायला विचारलं.

"उभी असताना काही नसतं. वरचा आकडा जातो आणि तीन रेघा येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टी! गाडी पळतच नाही, तर तो मोजणार काय?"

"पण इंजिन चालूच असतं ना?"

"तुला नाही कळायचं," म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. मीही चहाच्या कपबशा उचलल्या.

आता जरा लेकीबद्दल सांगायला हवं. ती दिलेली आहे ह्यांच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या गावात, पाण्याच्या टाकीजवळ. पूर्वी दर फेरीला हे तिच्याकडे थांबायचे. गेल्या वर्षी जेवायला बसलेले असताना ती बोलून गेली, "बाबा, कमरेकडे बघा जरा. सोडा आता गाडी, वय झालं." जावयासमोर बोलली. 'वय झालं' हे दोन शब्द ह्यांना असे झोंबले की घास तसाच टाकून उठले. "तुझ्या दारात माझी गाडी पुन्हा थांबणार नाही," असं सांगून बूट चढवले. तिने थांबवायचं, रडायचं, काहीतरी करायचं. तर म्हणते कशी, "नका थांबवू." खाण तशी माती. मोडतील पण वाकणार नाहीत, दोघंही.

तेव्हापासून ती मला फोन करते. सगळ्यात आधी विचारते, "बाबांची पाठ?" हे शेजारीच बसलेले असतात. ते टीव्हीकडे बघत टीव्हीलाच ओरडून सांगतात, "म्हणावं, उत्तम आहे!" मी मध्ये टेलिफोनच्या खांबासारखी उभी. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांचीही दया येते, आणि त्या भरात भाजी करपते.

महिना निम्मा सरला तेव्हा मालकांचा फोन आला. नेमका माझ्याच मोबाइलवर.

"वहिनी, तुमच्या ह्यांच्याइतकं हलक्या पायाने कुणी चालवत नाही. पण जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, एका जागी अर्धा-अर्धा तास गाडी चालू ठेवून उभे असतात. आम्हाला इथे कॉम्प्युटरवर दिसतं. बाकी दोघांत आणि त्यांच्यात फरक तेवढाच आहे, वहिनी. मला त्यांना म्हातारीवर पाठवायचं नाहीये. पण नियम मीच केलाय."

"कुठे उभी असते गाडी?" मी विचारलं.

"मधल्या गावात. पाण्याची टाकी आहे बघा, तिथे."

पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं. मालकांना म्हटलं, उद्या मी गाडीत बसून जाऊ का? ते म्हणाले, "जा वहिनी. लागेल तर दोनदा जा."

ह्यांना मी एवढंच सांगितलं की मला नवी गाडी बघायचीये, मालकांना विचारलंय. ह्यांचा चेहरा उतरला, पण नाही कसं म्हणणार. निघाल्यापासून मला पडदा शिकवत होते. बघ, आता चढ, आता बघ कसा पडतो. बघ, आता उतार, बघ बघ बघ. चालवतात मात्र सुरेख, हे मान्य करायला हवं. कपात काठोकाठ चहा असता तर सांडला नसता. सीट ह्यांना अलगद झुलवत होती आणि मी मनात म्हणत होते, ही सीट जायची नाही, मग काय वाटेल ते होवो.

गाव आलं तसं ह्यांचं बोलणं कमी झालं. टाकी दिसली. गाडी बाजूला लागली, हँडब्रेक ओढला गेला, इंजिन घरघरत राहिलं. पडद्यावर तीन रेघा आल्या. रस्त्यापलीकडे लेकीचं घर, दोरीवर कपडे वाळत घातलेले.

"का थांबलो?" मी विचारलं.

"थांबलो कुठे? इंजिन चालू आहे."

"म्हणजे?"

"तिच्या दारात गाडी थांबणार नाही, असं म्हटलंय मी. चालू गाडी म्हणजे थांबलेली नव्हे. म्हणजे मी आपला चाललोय. जाता जाता..." ह्यांनी काचेतून पलीकडे बघितलं. "कधी कधी ती गॅलरीत येते. बरी दिसते."

मी ह्या माणसाबरोबर उभं आयुष्य काढलं आणि इतका येडपट माणूस दुसरा पाहिला नाही. हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, त्याचा मला जास्त राग आला.

"तो खालचा आकडा बघा," मी म्हटलं.

"रेघा आहेत. सुट्टी आहे."

"वर रेघा आहेत. खालचा बघा म्हणते मी."

बघत बसलो. पहिल्यांदा काही झालं नाही. हे विजयाने माझ्याकडे वळणार, तेवढ्यात खालच्या आकड्याचं शेवटचं घर एकाने उतरलं. ह्यांनी पडद्यावर टिचकी मारली. थोड्या वेळाने आणखी एकाने उतरलं. हे अगदी लहान तोंड करून म्हणाले, "रेघा असताना मोजतो होय हा?"

"मोजणारच. उभं राहिलं म्हणून काय जळायचं थांबतं? एक वर्ष झालं, तुम्ही बापलेक इथे उभ्या उभ्या जळताय आणि वर म्हणे सुट्टी!"

मी हात लांब केला आणि किल्ली फिरवली. घरघर थांबली. पडदा काळा झाला. हे "अगं, अगं" करत माझ्याकडे बघत राहिले, कारण आता गाडी थांबली होती, तिच्याच दारात, आणि पळवाट उरली नव्हती.

पलीकडचं दार धाडकन उघडलं. लेक बाहेर आली ती तरातरा रस्ता ओलांडून आमच्या खिडकीखालीच. 'बाबा' म्हणेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिने कमरेवर हात ठेवले.

"आज बंद केली एकदाची! दर फेरीला तुमचा धूर माझ्या धुतलेल्या कपड्यांवर. हॉर्न ओळखते मी तुमचा, गावाच्या तोंडाशी वाजला की धावत जाऊन दोरी रिकामी करते. आज राहिलीच."

"मग सांगायचं नाही का?" हे म्हणाले.

"सांगितलं असतं तर आला नसतात." एवढं बोलून तिने हात वर केला. "उतरा आता. सावकाश. हात धरा."

"मी काही म्हातारा झालो नाही."

"नाही झालात. हात धरा."

ह्यांनी धरला.

महिनाअखेरीस हे दुसरे आले. म्हातारी जाड्याला मिळाली, पण त्याची गादी त्याने जन्मापासून अंगावरच बाळगली आहे, त्याला काही झालं नाही. आता डेपोत हे नवख्या-जुन्या सगळ्यांना पडदा शिकवतात. "रेघा म्हणजे सुट्टी नव्हे, उभ्या उभ्याही जळत असतं," असं सांगतात, जणू हा शोध ह्यांनीच लावला. मी मालकांना विचारलं, आता ठीक आहे ना? ते म्हणाले, "वहिनी, त्या टाकीपाशी गाडी पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी असते. पण बंद असते, म्हणून मी काही बोलत नाही."

परवा लेकीचा फोन आला. "बाबांची पाठ?" तिने विचारलं. टीव्ही चालू होता. मी सवयीने ह्यांच्या आरोळीची वाट बघत थांबले. ह्यांनी टीव्ही बंद केला, माझ्या हातातून फोन घेतला आणि हळूच म्हणाले, "दुखते गं थोडी."