भाला कुणी फेकला

उदगीरकडच्या आमच्या गावात त्या साली तळ्याचं काम निघालं होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नव्हता. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि माझी माय रोजगार हमीवर माती उपसत होती. मी नववीत होते.

तिच्याच टोपल्यात ते दगड आले. नखाएवढे गारगोटीचे तुकडे, एका कडेला ब्लेडसारखी धार. बोट कापलं म्हणून तिनं निरखून पाहिलं, नाहीतर तेही बांधावर पडले असते. मूठभर पदरात बांधून घरी आणले. मी ते शाळेत नेले, हेडमास्तरांनी कुठंतरी कळवलं, आणि काही दिवसांनी जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारे एक साहेब जीपमधून आले.

साहेबांनी पटांगणात आम्हाला बसवून समजावलं. हजारो वर्षांपूर्वीची माणसं हे तुकडे लाकडाच्या खाचेत डिंकानं बसवायची आणि त्याचं भाल्याचं पातं करायची. मग त्यांनी हातभर लांबीची एक काठी काढली. तिच्या टोकाला आकडा होता. बांबूच्या लवचीक भाल्याचं बूड त्या आकड्यात टेकवायचं, काठी खांद्यावर घ्यायची आणि पुढं झटका द्यायचा. काठी हातातच राहते, भाला सुटतो. म्हणजे आपला हातच हातभर लांब होतो.

मी शाळेत भाला फेकायचे. उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मी टाकून बघू?"

साहेब हसले. "बाळ, हे पुरुषांचं काम. बाया कंदमुळं गोळा करायच्या."

माय कामावरून थेट आली होती, कुंपणाबाहेर उभी होती. तिथूनच म्हणाली, "साहेब, तुमी बघायला गेलता काय?"

सगळे हसले. हेडमास्तरांनी डोळे वटारले. साहेबांनी मात्र काठी आणि भाला माझ्या हातात दिला, बहुतेक गंमत म्हणून. मी टाकला. भाला पाच पावलांवर आडवा पडला आणि हशा दुप्पट झाला.

तो हशा मी आजही विसरलेले नाही. मी दुसऱ्या दिवशी बाभळीची एक दुबेळकी फांदी तोडली. एक फाटा हातभर ठेवला, दुसरा छाटून त्याचा आकडा केला. बुरडाकडून बांबूची लांब कामटी आणली. कोरड्या तळ्यात रोज शाळा सुटल्यावर फेकायचे. भाला ताठ असला की भरकटतो, थोडा लवला की सरळ जातो. पुढचं टोक जड हवं. आणि सगळं बळ शेवटी मनगटात, दंडात नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. महिनाभर खांदा ठणकत होता, तेव्हा कळलं. मग एके दिवशी भाला तळ्याच्या निम्म्यातून सुटला आणि पलीकडच्या बांधात जाऊन रुतला. टोपली घेतलेल्या बाया थांबल्या. माय म्हणाली, "पुना टाक."

उन्हाळ्यात लातूरला प्रदर्शन भरलं, नव्या जिल्ह्याचा इतिहास दाखवायला. मायला घेऊन मी एसटीनं गेले. काचेखाली तिचे दगड होते. मागं मोठं चित्र, त्यात भाला उगारलेला दणकट पुरुष आणि कोपऱ्यात वाकून मुळं खणणारी बाई. दगडांपाशी ठेवलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, शोध : आमचे हेडमास्तर.

मायला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं पुठ्ठ्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "माझं लिव."

साहेब तिथंच होते. मी त्यांना विचारलं, "सर, भाला फेकायची काठी आपल्याकडं सापडलीय का?"

"नाही. लाकूड टिकत नाही. दुसऱ्या देशांत सापडल्यात, त्यावरून अंदाज करायचा."

"मग तो हात पुरुषाचा होता, हे कशावरून?"

ते घड्याळ बघत म्हणाले, "तक्ते छापून झालेत."

लाकूड कुजलं, दोर कुजले, हाडंसुद्धा मिळाली नाहीत. तरी हात कुणाचा ते यांना पक्कं ठाऊक! आणि तीन महिन्यांपूर्वी टोपल्यातून दगड कुणी उचलले, ते मात्र ठाऊक नाही. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाबाहेर. हेडमास्तर मायचं नाव का घेत नाहीत, हे मला त्या वयातही कळत होतं. काच फक्त दगडांवर होती, पुठ्ठा मोकळाच होता. मी बॉलपेन काढलं, हेडमास्तरांचं नाव खोडलं आणि मायचं पूर्ण नाव लिहिलं, पेन दाबून, पुठ्ठा फाटेस्तोवर. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

शाळा उघडल्यावर हेडमास्तरांनी मायला बोलावून घेतलं. "पोरीला माफी मागायला सांग, न्हाईतर भाल्याच्या टीममधून नाव कटलं समज."

माय म्हणाली, "माफी कशाची? तिनं खोटं लिवलं काय?"

नाव कापलं गेलं. जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेला मी गेले नाही. दहावी कशीबशी तिथं केली आणि पुढं नांदेडला वसतिगृहात राहून शिकले. खेळाची शिक्षिका झाले. बिलोली तालुक्यात अठरा वर्षं पोरींना भाला शिकवला.

लोक म्हणतात, आता सोडून द्या मॅडम, किती दिवस मनात ठेवणार. माय गेली. तिचं नाव कुठंच छापलं गेलं नाही. मी कशाला सोडू?