सुरमईच्या पोटातली तारली

मला माशांची किळस येते. सगळा जन्म रत्नागिरीत गेला, तरी बंदराच्या रस्त्याला लागलं की आजही पदर नाकाला जातो. आणि नेमकी माझ्यावरच पहिलीच्या पोरांना समुद्रातली अन्नसाखळी शिकवायची वेळ आली.

फळ्यावर चित्रं काढली. पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव तारली खाते, तारलीला सुरमई खाते, सुरमईला माणूस. पुढच्या बाकावर एका खलाशाची मुलगी बसायची. ती उठली आणि सांगू लागली, आई रोज बांगडे साफ करते, आत नुसती घाण असते, मासाबिसा काही नसतो. वर म्हणाली, "बाई मासे खातच नाहीत, त्यांना काय माहीत?" सगळा वर्ग तिच्या बाजूने. मीही इरेला पेटले. उद्या सुरमईचं पोट फाडून दाखवते म्हटलं. दाखवलं नसतं, तर त्या पोरांनी वर्षभर माझा एक शब्द खरा मानला नसता.

सकाळी बाजारात मासेवालीकडे सुरमई मागितली आणि तोंड फिरवून उभी राहिले. मेलं मला काय ठाऊक, न सांगताही मासा साफ करून देतात ते! पिशवीत नुसत्या तुकड्या आल्या. पोट कुठाय विचारलं, तर तिने पायाशी ठेवलेली बादली दाखवली. आतडी, कल्ले, रक्त, वर घोंघावणाऱ्या माश्या. शी! तूच शोधून दे म्हणावं, तर तिच्यापुढे गिऱ्हाइकांची झुंबड. "घाला की हात बाई, ताजंच आहे," ती म्हणाली.

घातला. मनगटापर्यंत सगळं गिळगिळीत, बोटांना काहीतरी गुंडाळत होतं. शेवटी एक जाड, फुगीर पिशवी हाताला लागली. हेच ते, मासेवाली म्हणाली.

वर्गात ताटात ठेवून ती चिरली. आत तारली होती, अर्धी विरघळलेली, डोळा मात्र शाबूत. पोरं ताटावर तुटून पडली. तो आंबूस वास नाकात गेला आणि मी तोंड दाबून खिडकीशी पळाले.

ती मुलगी ताट सोडून माझ्या मागे आली. लिंबाने चोळचोळून धुतलेला माझा हात तिने ओढला, नाकाशी नेऊन हुंगला.

"आता तुम्हाला माहीत," म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.