आठ मुलांची एक मावशी

नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात पुष्कळ पाहिले आणि त्यातले बरेचसे विसरलो. फुटबॉलच्या स्टेडियमबाहेरची एक शनिवारची दुपार मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दुपारी मी चुकलो होतो, हेही तितकंच स्वच्छ आठवतं.

मी अमेरिकेत, नोव्हाय गावाच्या बाजूला पोलीस डिटेक्टिव्ह होतो. आमच्या भागात मराठी माणसं रग्गड, पण बहुतेक सगळी मोटारी बनवणारी. पोलिसात मी एकटाच. त्यामुळे मराठी आडनाव दिसलं की फाइल माझ्या टेबलावर.

तक्रार फुटबॉल क्लबच्या तिकीट ऑफिसची होती. त्या क्लबात बारा वर्षांपुढच्या मुलांना मोठ्यांशिवाय मॅच बघता यायची. त्यांच्यासाठी स्वस्तातलं सीझन तिकीट होतं. अट एवढीच, की घरातल्या मोठ्या माणसाने फॉर्मवर सही करायची आणि मॅच चालू असताना दहा मिनिटांत पोचेल इतकं जवळ राहायचं. आठ मुलांच्या फॉर्मवर एकाच बाईची सही होती. नात्याच्या रकान्यात आठही ठिकाणी ‘आँट’, आणि मुलांची आडनावं वेगवेगळी. मुलांच्या नावावर तिकिटं उचलून कोणीतरी बाहेर विकतंय, असा ऑफिसचा संशय होता.

खरं तर मला तिथेच हसू यायला हवं होतं. माझ्या लहानपणी नागपुरात गल्लीभर मावश्या होत्या. पण हातात तक्रार आली की माणूस आधी पोलीस होतो. मलाही ते फॉर्म खोटेच वाटले.

पुढच्या मॅचला मी साध्या कपड्यांत गेटजवळ उभा राहिलो. एका जुन्या व्हॅनमधून आठ मुलं उतरली आणि आपापली तिकिटं दाखवून आत गेली. म्हणजे काळाबाजार नव्हता. पण त्यांना घेऊन आलेली बाई आतही गेली नाही आणि घरीही गेली नाही, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन व्हॅनमध्येच बसून राहिली. ते मला जास्त खटकलं.

मी काचेवर टकटक करून बॅज दाखवला आणि इंग्रजीत दरडावून विचारलं, ही मुलं तुमची कोण? साठी ओलांडलेली ती बाई दचकली. मग मी मराठीत बोललो, तशी ती आणखीच घाबरली.

“रविवारी विहारात मी यांना मराठी शिकवते, साहेब. आईवडिलांना शनिवारीसुद्धा शिफ्ट असते. पोरं म्हणाली, मावशी, साइन करशील का? केली.”

“पण तुम्ही त्यांच्या सख्ख्या मावशी नाही.”

“त्याला सख्खी कशाला लागते?” तिने गुडघ्यांवरचं ब्लँकेट सारखं केलं. मग हळूच म्हणाली, “पुढच्या महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण पोरांची तिकिटं कॅन्सल करू नका. आठवडाभर शनिवारची वाट बघतात हो.”

इतक्या वर्षांत ‘मला वाचवा’ म्हणणारे खूप भेटले होते. हे ऐकून माझा आवाज आपोआप उतरला.

तरी चौकशी पुरी करणं भाग होतं. मध्यंतरात मी मुलांना एकेक करून बाजूला घेतलं. त्यांत दातांना तारा लावलेली एक मुलगी होती.

“शी इज माय मावशी.”

“आईची बहीण?”

“नो.”

“मग?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. “शी जस्ट इज.” मग तिचे डोळे भरून आले. “इज शी इन ट्रबल? इट वॉज माय आयडिया.”

मावशी आत का येत नाही, असं मी विचारलं. “आय थिंक शी डझन्ट लाइक फुटबॉल,” ती म्हणाली.

पालकांना फोन केले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी व्हॅनकडे परतलो आणि बाईंना सरळच विचारलं, “मावशी, तुम्हाला फुटबॉल आवडत नाही का?”

“आवडतं की! गोल आपला का त्यांचा, ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. पण दहा मिनिटांत पोचायचं म्हणून लिहून दिलंय ना. गर्दीत फोन ऐकूच नाही आला तर?”

तोवरचा अख्खा सीझन ती बाई पार्किंगमध्ये बसून होती. आतल्या कोणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

गुन्हा घडलेला नाही, असा शेरा मारून मी फाइल बंद केली. पालकांच्या पत्रांवर तिकिटं कायम राहिली. तक्रार करणाऱ्या क्लार्कनेच त्या दिवशी उरलेली मॅच बघायला मावशींना आत नेलं. इंटरव्ह्यूही सुरळीत पार पडला.

माणसं वाईट का वागतात, हे शोधायचा मी पगार घेतला. चांगली वागणारी माणसं मी गृहीतच धरली होती, आणि तीही स्वतःच्या घरापासून. माझ्या शनिवारच्या ड्युट्या असताना माझ्या मुलीला पोहायला कोण नेत होतं? समोरच्या काकू. चार वर्षं! त्या आता लांब दक्षिणेत, अल्फारेटाला मुलाकडे राहतात. मी नंबर शोधून फोन केला आणि थँक यू म्हणालो.

“अरे, तेव्हा मी ह्या देशात नवीन होते,” त्या म्हणाल्या. “आठवड्यात माझ्याशी मराठीत बोलणारी तुझी लेक एकटीच होती.”